फियाट डिलाइटचे सुटे भाग : तुरीन, मुंबई आणि आमचे बडोदे

तुरीनहून आलेला खोका उघडला तेव्हा त्यातील चारही पिस्टन इतके देखणे होते की माप घेऊन पाहावे असे कुणाच्या मनातही आले नाही. प्रत्येक पिस्टन तेलकट कागदात गुंडाळलेला होता, रिंगा वेगळ्या पाकिटात होत्या आणि सोबत इटालियन भाषेतील एक पत्रक होते. दोन दिवस ते बैठकीच्या खोलीत टेबलावर मांडून ठेवले होते आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवले जात होते. तिसऱ्या दिवशी आमच्या लेथवाल्याने त्यांना व्हर्नियर लावला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "साहेब, हा ७२ आहे. आपला ब्लॉक ६८ चा."

गाडी १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. माझ्या सासऱ्यांनी ती नवी घेतली, बडोद्यातच चालवली आणि दांडिया बाजारातील वाड्याच्या मागच्या पडवीत ती जवळजवळ वीस वर्षे उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची, आणि आणायची तर अस्सल सुट्या भागांवरच आणायची, असा निश्चय आम्ही दोन वर्षांपूर्वी केला. या दोन वर्षांत तीन ठिकाणी खरेदी झाली : तुरीनचा एक टपालाने माल पाठवणारा विक्रेता, मुंबईचा बाजार, आणि बडोद्याच्या जुन्या भागातले एक लहानसे दुकान. हे लिखाण त्या तिन्ही ठिकाणच्या सेवेविषयी आहे. तुरीनच्या विक्रेत्याविषयी माझी तक्रार आहे म्हणून त्याचे नाव देत नाही, आणि बडोद्याच्या दुकानदारांनी स्वतःच नाव छापू नका असे सांगितले आहे. मागे एकदा कुणीतरी त्यांचा पत्ता सगळीकडे पसरवल्यावर महिनाभर निव्वळ भाव विचारणाऱ्यांची रीघ लागली होती.

पिस्टनची चूक कुणाची, हे आधी सांगतो, कारण डिलाइट गाडीच्या मालकाने पहिल्यांदा समजून घ्यावी अशी गोष्ट तीच आहे. फियाटने ११०० चे १०३ हे मॉडेल १९५३ साली आणले. त्याचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५ मिलिमीटर. पुढे १९६२ मध्ये इटलीत ११०० डी हे मॉडेल आले तेव्हा नाव ११०० च राहिले, परंतु बोअर ७२ चा झाला आणि इंजिन १२२१ सीसीचे झाले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून हीच ११०० डी बनू लागली, तिलाच आपण डिलाइट म्हणतो. मात्र आपल्याकडे इंजिन जुन्या मापाचेच, १०८९ सीसीचे राहिले. त्यामुळे इटलीतल्या माणसाला "११०० डी, १९६६" असे लिहून पाठवले की तो प्रामाणिकपणे ७२ चे पिस्टन पाठवतो, ७२ चा हेड गॅस्केट पाठवतो आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर असते. गंमत अशी की इटलीत १९६६ मध्ये डी च्या जागी आलेल्या ११०० आर ला पुन्हा ६८ चाच बोअर होता. म्हणजे आमच्या गाडीचे इंजिनचे भाग मागवायचे तर मॉडेलचे नाव खोटे सांगावे लागते. ते नाव ब्रेकच्या बाबतीत पुन्हा खरे सांगावे लागते, कारण ११०० आर ला पुढे डिस्क ब्रेक होते आणि डिलाइटला चारही चाकांना ड्रम आहेत. गिअरचेही तसेच : आर ची दांडी जमिनीवर, आपली स्टिअरिंगखाली.

हे सारे त्या विक्रेत्याला ठाऊक असावे, अशी अपेक्षा मी धरली, ही माझी चूक. गाडी भारतात बनलेली आहे, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची आहे, हे मी पहिल्याच पत्रात लिहिले होते आणि तरीही त्याने बोअर किती असा एक साधा प्रश्न विचारला नाही, ही त्याची. परत घेण्यास तो तयार होता, पण टपालखर्च माझा आणि किमतीतून पंचवीस टक्के कपात, अशी अट निघाली. सीमाशुल्क आधीच भरून झाले होते. सारा हिशेब मांडल्यावर परत पाठवण्यापेक्षा ठेवून घेणे स्वस्त पडले, आणि आज त्यांपैकी एका पिस्टनमध्ये माझी पत्नी पेने उभी करून ठेवते.

एवढे सोडले तर त्या सेवेत नावे ठेवण्यासारखे फारसे नाही. पत्राचे उत्तर दोन दिवसांत येते, इंग्रजी मोडके असले तरी स्पष्ट असते, आणि बांधणी अशी की काच पाठवली तरी तडा जाणार नाही. पुढच्या आणि मागच्या काचेचे रबर मी त्याच्याकडूनच घेतले. दोन्हीकडच्या गाड्यांचा सांगाडा एकाच ठशाचा असल्यामुळे ते काचेभोवती असे बसले की आमच्या पत्रेकामवाल्याने दोरी ओढून रबराची कड बाहेर काढताना एकदाही स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही. दरवाज्याच्या आतील पुठ्ठ्यांच्या क्लिपा, काचेच्या खाचेतील मखमली पट्ट्या, हेही उत्तम निघाले. सर्वांत मोलाची वस्तू मात्र सर्वांत स्वस्त होती : सुट्या भागांच्या सूचिपुस्तकाची पुनर्मुद्रित प्रत. त्यातील सुटी करून दाखवलेल्या जोडणीची चित्रे समोर ठेवल्यावर पुढच्या चाकाच्या जोडणीत कोणता वॉशर कोणत्या बाजूला, यावरचे आमच्या गॅरेजमधील दोन आठवड्यांचे वाद एका संध्याकाळी मिटले. इटलीहून एकच वस्तू मागवायची असेल तर ती हीच मागवावी.

हेडलाइटच्या काचा मात्र मागवू नयेत. इटलीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तिथल्या काचेवरच्या खाचा डिपरवर प्रकाशाचा झोत उजवीकडे वर उचलतात; आपल्याकडे तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. डॅशबोर्ड, वायपरची जोडणी, स्टिअरिंगचा गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्या यांच्याविषयी तर बोलायलाच नको, तिथे सगळे उलटे आहे. शुल्काबाबतही एक गोष्ट अनुभवाने सांगतो. बिलावर नुसते "जुन्या गाडीचे भाग" असे लिहिलेले असले की पार्सल अडकते. पिस्टनसारखा इंजिनचा भाग शुल्कसूचीत ८४०९ या शीर्षकाखाली येतो, इतर बरेचसे भाग ८७०८ खाली. विक्रेत्याला प्रत्येक ओळीपुढे आकडा आणि वस्तूचे साधे नाव लिहायला सांगावे. माझे पहिले पार्सल तीन आठवडे पडून होते, दुसरे सहा दिवसांत घरी आले. किंमत, टपाल आणि शुल्क धरून वस्तू मूळ भावाच्या जवळजवळ दुप्पट पडते, हे गृहीत धरूनच यादी करावी.

त्याच विक्रेत्याने मला एक सल्ला दिला होता आणि तो मी मानला नाही. आमच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) आणि डायनामो ल्युकास-टीव्हीएसचा आहे, असे कळल्यावर त्याने लिहिले की हे काढून मॅग्नेती मारेल्लीचे बसवा, तेच अस्सल. त्याच्या देशातल्या गाडीसाठी ते खरे असेल. पण ही गाडी तुरीनमध्ये बनलेली नाही. ती कुर्ल्यात बनली, आणि ल्युकास-टीव्हीएस ही कंपनी मद्रासला १९६१ पासून उभी आहे. सासऱ्यांनी जपून ठेवलेल्या कागदांत गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आहे, तिच्यातही तेच नाव आहे. अशा गाडीत मिलानचा डिस्ट्रिब्युटर बसवणे म्हणजे पैठणीला फ्रेंच लेस लावण्यासारखे आहे. लेस भारी असेल, पण पैठणी ती राहत नाही. शिवाय प्रश्न नुसत्या हौसेचाही नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला "व्हीए" अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि त्या नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये पडतात, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मूळ रूप म्हणजे आपली गाडी ज्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवशीचे रूप. तशी नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, फेरी, पेट्रोल भरणे, दुरुस्ती यांसाठीच काढता येते, म्हणून आम्ही अजून अर्ज केलेला नाही. सासूबाईंना तिच्यातून एकदा डाकोरला जायचे आहे.

मुंबईविषयी थोडक्यात सांगतो. ऑपेरा हाउसच्या बाजारात क्लच प्लेट, वॉटर पंप, गॅस्केटचे संच, बेअरिंग असे नेहमी झिजणारे भाग आजही मिळतात, कारण डिलाइटच पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली आणि इंजिन मूलतः तेच होते. पण तिथे "फियाटचा" म्हणून जे समोर ठेवतात ते बहुतेक पद्मिनीचे असते, त्यातही शेवटच्या वर्षांतले. इंजिनच्या पोटात ते चालते. दिवे, जाळी, मीटर, दारांची हँडले यांत चालत नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात टॅक्सींतून निघालेला माल पूर्वी ढिगाने मिळत असे. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत संपून त्या ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या. त्यानंतर काही महिने माल भरपूर होता, आता पातळ झाला आहे. मला तिथून पुढचा उजवा मडगार्ड मिळाला. त्यावर रंगाचे काळे-पिवळे थर इतके होते की खरवडून काढल्यावर त्याचे वजन कमी झाल्यासारखे वाटले. आतला पत्रा कारखान्याच्या जाडीचा आणि एकही सांधा न मारलेला निघाला, एवढ्यावर मी ती खेप वसूल झाली असे मानतो.

आता बडोद्याच्या दुकानाविषयी. दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे, बाहेर पाटी आहे पण अक्षरे गेलेली आहेत, आणि आत छतापर्यंत लाकडी खण आहेत. मालक सत्तरीच्या पुढचे बोहरी गृहस्थ आहेत. सगळे त्यांना भाई म्हणतात, आणि दांडिया बाजारच्या गिऱ्हाइकांशी ते आपल्या बडोदेकरी मराठीत बोलतात. मी पहिल्या दिवशी यादी घेऊन गेलो. त्यांनी यादी घेतली, घडी घालून मलाच परत दिली आणि म्हणाले, "कागद नको. जुना भाग आणा."

या एका वाक्यावर त्यांचा सगळा व्यवहार चालतो. जुना भाग आणल्याशिवाय ते खणाला हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या ब्रेकचा व्हील सिलिंडर नेला. त्यांनी तो चिंधीने पुसला, त्यावरचे ओतकामात उमटलेले अंक अंगठ्याने चाचपले, तो उजेडात धरला आणि शिडीवर चढून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. खोक्यावर कुर्ल्याच्या कारखान्याचे नाव होते, कोपरे झुरळांनी खाल्लेले होते, आणि आत ग्रीसच्या पिवळ्या, घट्ट झालेल्या थराखाली अगदी तोच सिलिंडर होता. मी आनंदात पैसे काढले. भाईंनी मात्र सिलिंडर उघडला, आतले दोन्ही रबरी वॉशर काढले आणि त्यांतील एक माझ्या समोर बोटांच्या चिमटीत दुमडला. तो बिस्किटासारखा मोडला. "हा असली आहे," ते म्हणाले, "पण लावू नका. लोखंड म्हातारं होत नाही, रबर होतं." तो अस्सल वॉशर त्यांनी केराच्या डब्यात टाकला आणि त्या मापाचे ताजे वॉशर समोरच्या दुकानातून घ्या म्हणून सांगितले, ते त्यांच्याकडे नव्हते. जुना न वापरलेला माल म्हणून दामदुपटीने विकल्या जाणाऱ्या रबरी वस्तू मी त्या आधी दोनदा घेतल्या होत्या. तेव्हापासून एकदाही घेतलेल्या नाहीत.

पिस्टनचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. आमचा ब्लॉक झिजला होता, लेथवाल्याने ०.४० मिलिमीटर ओव्हरसाइझचा बोअर सांगितला होता, आणि भाईंकडे त्या मापाचा भारतीय बनावटीचा पूर्ण संच रिंगा आणि गजन पिनांसह (पिस्टन दांड्याला जोडणाऱ्या पिना) होता. त्याचे मी ७,२०० रुपये दिले. तुरीनचे पिस्टन शुल्कासह ४६,००० ला पडले होते. भाईंनी माझ्याकडून पैसे घेण्याआधी चारही पिस्टन दागिन्यांच्या छोट्या तराजूत तोलून पाहिले. एक दोन ग्रॅम जड निघाला तेव्हा त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीने खूण करून "इथून घासायला सांगा" असे सांगितले. बोअरिंग त्या पिस्टनच्या मापावर करून घ्या, पिस्टन बोअरच्या मापावर शोधत बसू नका, हेही त्यांनीच बजावले.

मला सर्वांत आवडलेली जागा म्हणजे त्यांच्या गल्ल्याशेजारचा एक खण. त्यात अमृतांजनाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येकीत सोलेक्स कार्ब्युरेटरचे एकेका आकड्याचे पितळी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके, आहेत. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शतांश भागांत. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. आमची गाडी काळा धूर सोडत होती आणि जेटवरचा आकडा तर बरोबर होता, म्हणून आम्ही सहा महिने फ्लोट, सुई, पंप सगळे बदलून पाहिले होते. भाईंनी मापाच्या तारांचा जुडगा काढला आणि एकेक तार जेटमधून घालून पाहिली. आकडा सांगत होता त्याहून दोन मापे जाड तार आरपार गेली. कधीकाळी कुणी मिस्त्रीने गाडीला जोर यावा म्हणून भोक कोरून मोठे केले होते आणि आकडा तसाच राहिला होता. नवा जेट साठ रुपयांना मिळाला. जेट मूळचा होता, त्यावरचा छाप खरा होता, आणि तरीही तो गाडीचा राहिलेला नव्हता.

या दुकानात दोष नाहीत असे नाही. मालाची नोंद फक्त भाईंच्या डोक्यात आहे, आणि ते दोन आठवडे आजारी होते तेव्हा त्यांच्या मुलाला दुकानात काय आहे हे सांगता आले नाही. फोनवर ते उत्तर देत नाहीत, फोटो पाठवला तर पाहत नाहीत, टपालाने माल पाठवत नाहीत. म्हणजे परगावच्या माणसाला जुना भाग पिशवीत घालून बडोद्याला यावेच लागते. पक्के बिल मागितले तर मिळते, पण मागावे लागते, आणि त्या दिवशी चहा मिळत नाही. भाव एकदा सांगितला की तोच राहतो. कधीकधी मला असेही वाटते की एखादा भाग असूनही ते नाही म्हणतात, गिऱ्हाईक तो नीट बसवील असा भरवसा वाटल्याशिवाय देत नाहीत. मागच्या डाव्या दिव्याची लाल काच माझ्या आधी एका व्यापाऱ्याने मागितली होती तेव्हा ती "नव्हती", हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. पंधरा दिवसांनी ती मला मिळाली. मला फायदा झाला म्हणून ही सवय चांगली म्हणवत नाही.

जे भाग कुठेच नाहीत ते बनवून घ्यावे लागतात, आणि त्या बाबतीत बडोदेकर नशीबवान आहेत. दारांचे बाहेरचे रबर आम्ही मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून करून घेतले. मूळ रबराचा बोटभर तुकडा कापून त्याच्या छेदाचा ठसा कागदावर काढून दिला, साचा त्यावरून बनला, आणि पहिली खेप जरा कडक झाल्यामुळे दारे लागेनात म्हणून दुसरी मऊ करून घेतली. फियाटमध्ये बऱ्याच ठिकाणी १० मिलिमीटरच्या बोल्टला १.२५ ची (दोन आट्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये) बारीक आटी असते, तर बाजारात सर्रास मिळणाऱ्या बोल्टची १.५ ची असते. दोन-तीन आटे तो सहज शिरतो आणि पुढे जोर लावला की आतली आटी खातो. आमच्या लेथवाल्याने असे अकरा बोल्ट कातून दिले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हिरव्या रंगाचा ठिपका दिला, पुढच्या माणसाने घोटाळा करू नये म्हणून. त्याचे आजोबा कलाभवनात शिकले होते, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या तंत्रशाळेत. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा तरी सांगतोच, आणि बोल्ट पाहिल्यावर ते ऐकून घ्यायला हरकत वाटत नाही.

भाईंचे दुकान सकाळी साडेदहाला उघडते, दुपारी एक ते चार बंद असते आणि शुक्रवारी दुपारनंतर उघडेलच असे नाही. रोख रक्कम न्यावी. भाग धुऊन न नेता आहे तसा न्यावा, कारण झीज कोणत्या बाजूला आहे हे ते तेलाच्या डागांवरून ओळखतात. माझ्या यादीत आता हॉर्नची रिंग तेवढी उरली आहे. जुनी रिंग तीन ठिकाणी तडकलेली आहे, ती गेल्या महिन्यात त्यांनी ठेवून घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझे नाव गुजरातीत लिहून खिळ्याला टांगली आहे. परवा विचारले तर त्यांनी वर नुसते पाहिले आणि म्हणाले, "टांगलेली आहे ना? मग शोध चालू आहे."